उमेदवारीची लाज कशाला?

— द्वितीय वर्ष, कला शाखा

'उमेदवार' हा शब्द आजकाल आपल्या कानावर पडतो तो निवडणुकीच्या दिवसांत. पण या शब्दाला दुसरा, अधिक कष्टाचा अर्थ आहे. छापखान्यात, वकिलाच्या हाताखाली, कारखान्यात किंवा कचेरीत काम शिकण्यासाठी जो राहतो, तोही उमेदवारच. 'दोन वर्षे उमेदवारी केली, मग हातात कसब आले' असे जुनी माणसे सांगत, आणि ते सांगताना त्यांना कमीपणा वाटत नसे. सरकारी कागदावर आजही अप्रेंटिसला 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हटले जाते. शब्द टिकला, पण त्याचा मान मात्र टिकला नाही. आज मुलगा उमेदवारी करतो असे सांगताना आईबापांचा आवाज खाली येतो. हे योग्य आहे का, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमच्या घरात सध्या दोन विद्यार्थी आहेत. एक मी. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. दुसरा माझा आतेभाऊ. सांगोला तालुक्यातून आलेला, आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला. गेल्या ऑगस्टपासून तो पिंपरी-चिंचवडमध्ये आगीची सूचना देणाऱ्या आणि इमारतींच्या सुरक्षेच्या यंत्रणा बसवणाऱ्या एका एजन्सीत शिकाऊ उमेदवार आहे. आमच्या दोन खोल्यांत तो आमच्याबरोबरच राहतो. पाहुण्यांत माझी ओळख करून देताना 'हा कॉलेजला आहे' असे मोठ्याने सांगतात. त्याच्याबद्दल विचारले, की 'तो वायरिंगचे काहीतरी शिकतो, पुढे बघू' असे म्हणून विषय बदलतात. खुद्द आमची आत्यासुद्धा तसेच म्हणते. मी त्याच्यापेक्षा जास्त शिकतो असे सर्वांनी गृहीत धरले आहे. मला ते मान्य नाही.

आधी हे काम काय आहे ते सांगायला हवे, कारण बहुतेकांना ते अग्निशमन दलाचेच काम वाटते. अग्निशमन दलाच्या जवानांबद्दल आपल्याला आदर आहे आणि तो असायलाच हवा. १४ एप्रिल ही तारीख आपल्या सर्वांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीमुळे पाठ आहे. याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या गोदीत कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली, प्रचंड स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. हे जवान आग लागल्यावर धावतात. माझ्या आतेभावाचे काम त्याच्या आधीचे आहे. आग लहान असतानाच ती कळावी, घंटा वाजावी, दारे उघडावीत, पाणी सुटावे, ही तजवीज कित्येक वर्षे आधी करून ठेवायची. हे काम नीट झाले तर वर्षानुवर्षे काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी कोणाला हार घालीत नाही.

या कामाची सुरुवात मोठी नाही. पहिले दोन महिने तो शिडी धरीत होता, छतावरच्या पाइपातून वायर ओढीत होता आणि संध्याकाळी डोक्यात सिमेंटची धूळ घेऊन घरी येत होता. पण रात्री जेवताना तो जे सांगत असे ते ऐकून मला पहिल्यांदा कळले, की छताला लागलेल्या पांढऱ्या वाटीसारख्या डिटेक्टरच्या आत एक अंधारी खोली असते. तिच्यात एक बारीक प्रकाशझोत सोडलेला असतो, पण तो पकडणारा डोळा मुद्दाम आडवा बसवलेला असतो. एरवी त्या डोळ्याला प्रकाश दिसतच नाही. धुराचे कण आत शिरले, की प्रकाश त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे फाकतो, तो त्या डोळ्यात शिरतो आणि सूचना जाते. धुळीनेही तसेच होते, म्हणून डिटेक्टर साफ ठेवावा लागतो. स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर लावून चालत नाही. रोजच्या फोडणीलाच तो ओरडेल. तिथे उष्णता ओळखणारा लागतो. पाण्याच्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. तिच्यातला द्रव लाल असेल तर ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते. आणि सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. जिथे उष्णता पोहोचली तिथलाच उघडतो.

यापेक्षाही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. साध्या पद्धतीच्या यंत्रणेत डिटेक्टरच्या वायरीच्या अगदी शेवटच्या टोकाला एक छोटा रोध जोडतात. त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत वाहत राहतो. कशासाठी? तर वायर शाबूत आहे हे पॅनेलला क्षणोक्षणी कळावे म्हणून. उंदराने वायर कुरतडली किंवा कोणी चुकून कापली, की तो प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर पिवळा दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे आग आणि पिवळा म्हणजे बिघाड. म्हणजे ही यंत्रणा आगीवर तर नजर ठेवतेच, शिवाय स्वतःच्या दुबळेपणावरही ठेवते. 'मला आता दिसत नाही' हे ती स्वतःहून सांगते. मी राज्यशास्त्र शिकतो. संस्था कशा मोडतात यावर आम्ही टिपणे काढतो. आपल्या किती संस्थांना असा पिवळा दिवा आहे, हा प्रश्न मला त्या पॅनेलने घातला.

दुर्दैव असे, की पिवळा दिवा लागला तर आपल्याकडे दिवाच बंद करण्याची रीत आहे. आतेभाऊ सांगतो, एका ठिकाणी डिटेक्टरवरची प्लॅस्टिकची टोपणे रंगकाम झाल्यावर कोणी काढलीच नव्हती. वर डिटेक्टर होते, पण आंधळे. दुसऱ्या ठिकाणी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, धूप-उदबत्तीने घंटा वाजली, म्हणून कोणीतरी त्या डिटेक्टरला पिशवी बांधली. ती दिवाळी होऊन गेली तरी तशीच होती. हा केवळ गमतीचा किस्सा नव्हे. असा एकेक डिटेक्टर पाहणे, खांबाच्या टोकाला लावलेल्या डब्यातून त्यावर चाचणीचा धूर सोडणे, घंटा वाजली का ते तपासणे आणि वहीत खरे ते लिहिणे, हे शिकाऊ उमेदवाराचे काम आहे. हे काम कंटाळवाणे आहे हे खरेच. पण परीक्षेच्या आदल्या रात्री 'अपेक्षित प्रश्न' पाठ करण्यापेक्षा त्यात अधिक प्रामाणिकपणा लागतो. आमच्या अभ्यासात दहापैकी पाच प्रश्न सोडून दिले तरी पास होता येते. शंभरपैकी पाच डिटेक्टर सोडून दिले तर कोणते पाच सोडले, हे आगीला विचारावे लागेल.

याच धंद्यातला आणखी एक प्रश्न खरोखर वैचारिक आहे, आणि तो कलाशाखेच्या वर्गात चर्चेला घ्यावा असे मला वाटते. आतेभावाला दोन कामे एकाच वेळी शिकवतात. एक सुरक्षेचे आणि दुसरे अग्निसुरक्षेचे. सुरक्षा म्हणते, दार बंद ठेवा, कार्ड दाखवल्याशिवाय कोणाला सोडू नका. अग्निसुरक्षा म्हणते, दार उघडा, विचारत बसू नका. दोघींचे दार मात्र एकच. मग मालाचे रक्षण आधी की माणसाचे? तंत्रज्ञांनी याचे उत्तर शोधले आहे. दार विजेच्या चुंबकाने धरून ठेवायचे. आगीची सूचना मिळाली किंवा वीजच गेली, की चुंबक सुटते आणि दार मोकळे होते. बिघाड व्हायचाच असेल तर तो माणसाच्या बाजूने व्हावा, असा याचा अर्थ आहे. हे तत्त्व शहाण्या माणसांना आपोआप सुचलेले नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. कामगार मुलींनी काही चोरून नेऊ नये म्हणून जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जण मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. आपल्याकडे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गेले. बाल्कनीतून बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्या बसवून अडवलेली होती. एका ठिकाणी कुलूप, दुसऱ्या ठिकाणी खुर्च्या. हिशेब दोन्हीकडे एकच होता, पैशाचा. एखाद्या दाराला कोणते कुलूप लावावे हा प्रश्न किती जुना आणि किती माणसांच्या जिवाचा आहे, हे माझ्या आतेभावाला विशीत हाताने कळते आहे. मला ते इतिहासाच्या तासाला कळले. दोन्ही ज्ञानेच आहेत. पण माझ्या ज्ञानाने अजून एकही दार उघडलेले नाही.

कायदे नाहीत असेही नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. तरीही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० नवजात बालके गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण दगावले. चौकश्या होतात, आदेश निघतात. पण कायद्याचा शेवटचा शब्द कोण लिहितो? शिडीवर चढलेला तो पोरगाच. त्याने 'चालू' लिहिले की वरचा साहेब सही करतो, सहीवर शिक्का बसतो आणि शिक्क्यावर सगळी इमारत झोपते. म्हणून त्याला मल्टिमीटर धरायला शिकवणे जेवढे गरजेचे, तेवढेच 'चालू नाही' असे लिहायला शिकवणेही गरजेचे आहे. त्याला ते लिहिण्याचे बळ कोण देणार?

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी उमेदवारीचे नुसते गोडवे गातो असे होईल. शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या देशात १९६१ चा कायदा आहे. त्या कायद्याने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणजे कामगार कायद्यांचे बरेचसे संरक्षण त्याला नाही. २०१९ साली नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा आय.टी.आय. प्रमाणपत्रधारकाचे विद्यावेतन दरमहा किमान ७,००० रुपये आणि पदवीधर उमेदवाराचे किमान ९,००० रुपये ठरले. या पैशांत शहरात खोलीचे भाडे, डबा आणि बसचा पास भागवून पाहावा, म्हणजे आमच्या दोन खोल्यांत तिसरा माणूस का राहतो ते कळेल. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधनही मालकावर नाही. त्यामुळे काही ठिकाणी उमेदवार म्हणजे स्वस्तातला हमाल, असाच व्यवहार चालतो. वर्षभर वायर ओढून घ्यायची, पॅनेलला हात लावू द्यायचा नाही आणि वर्ष संपले की नवा पोरगा आणायचा. ज्याची जागाच अशी डळमळीत, तो साहेबासमोर 'चालू नाही' असे कसे लिहील? उमेदवाराला मान आणि पुरेसे विद्यावेतन देणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नाही. त्या इमारतीत झोपणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

मग कला शाखेच्या विद्यार्थ्याने यात काय करायचे? 'आमचा काय संबंध' असे म्हणणाऱ्या मित्रांना मी माझ्या वडिलांचे उदाहरण देतो. ते एका व्यापारी इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यांच्या खुर्चीमागेच आगीचे पॅनेल आहे. त्यावरची सगळी अक्षरे इंग्रजी. वडील चौथीपर्यंत शिकलेले. कामावर लागले त्या दिवशी त्यांना एवढेच सांगण्यात आले, की 'हे वाजले की हे बटण दाबायचे.' बटणावर शाईने फुली करून दिली होती. ते बटण घंटा बंद करण्याचे होते. काय वाजते, का वाजते, ते बंद केल्यावर पुढे काय करायचे, हे चार वर्षांत कोणीही सांगितले नाही. भिंतीवर मराठीत सूचना आहे, नाही असे नाही. पण ती अशी : 'आगीच्या प्रसंगी उद्वाहनाचा वापर करू नये.' वडिलांनी मला एकदा विचारले, 'उद्वाहन म्हणजे काय रे?' लिफ्टच्या दाराशेजारी बसून आयुष्याची चार वर्षे काढलेल्या माणसाला लिफ्टचा मराठी शब्द कळू नये, हा दोष त्याचा की भाषेचा?

यंदाच्या संक्रांतीला आतेभावाने वडिलांना तीन दिव्यांचा अर्थ समजावून दिला आणि मी तो पुठ्ठ्यावर लिहिला. 'हिरवा : ठीक आहे. पिवळा : यंत्र बिघडले आहे. वहीत वेळ लिहा, एजन्सीला फोन करा. लाल : आग असू शकते. माणसे बाहेर काढा. १०१ ला फोन करा. लिफ्ट नको, जिना.' एवढेच. यात तंत्रज्ञान त्याचे होते, शब्द माझे होते आणि रात्र वडिलांची होती. तिघांपैकी एक जरी नसता तरी ते पॅनेल मुके राहिले असते. लाखो रुपयांची यंत्रणा शेवटी ज्या माणसाजवळ येऊन थांबते, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणे हे कलाशाखेचे काम आहे. आपण ते केलेले नाही, म्हणून ते 'उद्वाहना'वर सोपवले गेले.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, 'मग तू बी.ए. सोडून उमेदवारीला जाणार का?' नाही. मला बी.ए. पुरे करायचे आहे. वडिलांच्या रात्री त्यावर खर्च झाल्या आहेत. पण बी.ए. झाल्यावर काही दिवस 'कामाच्या शोधात' हिंडण्यापेक्षा मी याच धंद्यात उमेदवारी करीन असे मी ठरवले आहे. घरात अजून ते सर्वांना पटलेले नाही. 'एवढे शिकून शिडीवर चढणार का?' असे आई विचारते. माझे उत्तर असे, की शिकल्यामुळेच चढणार. पदवी आणि उमेदवारी यांत वैर आहे ही समजूत आता शासनानेही सोडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारीचा अंतर्भाव करण्याच्या मार्गदर्शक सूचना २०२० साली काढल्या. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही जागा मिळाली आहे. ती जागा ओळखीच्या कचेरीतून शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्राने भरायची, की खऱ्या कामाने, हे आपल्या हातात आहे.

म्हणून महाविद्यालयापुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, दरवर्षी १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सप्ताहात, परीक्षा सांभाळून, एक दिवस सर्वांनी इमारत रिकामी करण्याचा सराव करावा. विद्यार्थी, शिपाईमामा, ग्रंथालयातील मावशी आणि प्राचार्यसुद्धा. दुसरी, मराठी विभागाने आसपासच्या इमारतींतल्या वॉचमनसाठी समजेल अशा मराठीत सूचना लिहून द्याव्यात. प्रकल्प म्हणून त्याला गुण द्यावेत. निबंधलेखनाचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. तिसरी, आय.टी.आय.च्या शिकाऊ उमेदवारांना स्नेहसंमेलनात नव्हे, तर वर्गात बोलवावे. त्यांनी एक तास शिकवावा आणि आपण वही उघडून बसावे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा भाऊ किंवा बहीण असेल, जी कुठेतरी काम शिकते आहे आणि जिचे नाव पाहुण्यांत हळू आवाजात घेतले जाते. पुढच्या वेळी ते नाव मोठ्याने घ्या. आणि आज घरी जाताना आपल्या इमारतीच्या जिन्यात मान वर करून एकदा छताकडे पाहा. डिटेक्टरवर टोपण असेल, तर कोणाला तरी सांगा.